नळी तोंडात, पाय जमिनीवर

जयपूरच्या तिलक नगरात, मोती डुंगरीच्या पायथ्याशी, बिर्ला मंदिर आहे. तिथून जवाहरलाल नेहरू मार्गाने जुन्या शहराकडे निघालं की सवाई मानसिंह रुग्णालय लागतं. राजस्थानभर लोक त्याला नुसतं ‘एसएमएस’ म्हणतात. १९६८ च्या सुमारास या रुग्णालयात अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून जो कृत्रिम पाय घडवला, तो ‘जयपूर फूट’ म्हणून जगभर गेला. आपल्याकडे नर्तिका सुधा चंद्रन त्या पायावर पुन्हा नाचल्या, म्हणून त्याची ओळख घराघरांत झाली. पण त्या पायामागचा विचार नाचापेक्षा फार साधा आहे. सेठींच्या रुग्णांना आधी परदेशी धर्तीचे पाय मिळत, आणि काही दिवसांनी तेच रुग्ण पाय घरी ठेवून पुन्हा कुबड्यांवर येत. त्या पायाला बूट लागायचा. त्याने मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं, चिखलाच्या शेतात उतरता येत नव्हतं. रुग्णाला उभं करायचं ते नेमकं कशासाठी, हा प्रश्न सेठी आणि शर्मा यांनी त्याच्या घराकडे आणि शेताकडे बघून सोडवला.

पाय गमावलेल्याला उभं करण्याची ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. दोन्ही पाय शाबूत असूनही उभं राहू न शकणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. तो माणूस अतिदक्षता विभागातून वाचून बाहेर आलेला असतो. दोन्ही फुप्फुसं न्यूमोनियाने भरलेली, किंवा आतडं फुटून पोटात पू झालेला, अशा अवस्थेत तो पंधरा-वीस दिवस व्हेंटिलेटरवर काढतो. नळी निघते, डॉक्टर ‘धोका टळला’ म्हणतात, घरचे देवापुढे दिवा लावतात. आणि मग लक्षात येतं की त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही. पाण्याचा पेला हातात धरला तर तोंडापर्यंत पोचत नाही. अशक्तपणा आहे, चार दिवस नीट खाल्लं की भरून येईल, असं सगळेच म्हणतात. हा अशक्तपणा त्या जातीचा नसतो.

निरोगी माणूस नुसता झोपून राहिला तरी काय होतं, हे १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात पाच तरुणांवर पाहिलं गेलं. विशीतली ही पाच मुलं तीन आठवडे पलंगावर होती. त्या तीन आठवड्यांत त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत असताना पुन्हा तपासले गेले, तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीनेही त्यांचं तेवढं नुकसान झालेलं नव्हतं. वय जास्त असेल तर पलंग आणखी लवकर हिशेब मागतो. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं, असं २००७ च्या एका अभ्यासात दिसलं.

ही सगळी माणसं निरोगी होती. आयसीयूतल्या शरीरात याच्या जोडीला जंतुसंसर्गाचा वणवा पेटलेला असतो. ब्रिटनमधल्या डॉ. झुडिन पुथुचेरी यांच्या चमूने गंभीर आजारी ६३ रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. दहाव्या दिवसापर्यंत स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी १७.७ टक्क्यांनी कमी झालं होतं. ज्यांचे दोन-तीन अवयव एकदम निकामी होत होते, त्यांच्यात ही झीज सगळ्यांत जास्त होती. स्नायूत प्रथिनं सतत मोडत असतात आणि सतत नव्याने बनत असतात. या रुग्णांत मोडणं जोरात होतं आणि पहिल्याच दिवशी बनणं उपाशी माणसाच्या पातळीवर आलेलं होतं, तेही नळीतून अन्न चालू असताना. घरचे नारळपाणी आणि डाळीचं पाणी घेऊन दाराशी उभे राहतात, त्यामागची माया खरी आहे. पण जो स्नायू हलत नाही, तो पोचलेलं अन्नही नीट वापरत नाही.

श्वासाच्या स्नायूचं तर आणखी बिकट. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, जन्मापासून एक दिवसही सुट्टी न घेतलेला स्नायू. व्हेंटिलेटर त्याचं सगळं काम करायला लागला की तो झडू लागतो. मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर संपूर्ण निष्क्रिय राहिलेल्या या पटलांतले तंतू निम्म्याहून बारीक झालेले होते. फुप्फुस बरं झालं तरी व्हेंटिलेटर सुटत नाही, याचं एक कारण इथे आहे. स्नायूंबरोबर नसाही बिघडतात. कॅनडातल्या लंडन शहरातल्या डॉ. चार्ल्स बोल्टन यांनी १९८४ मध्ये हे दाखवून दिलं.

ही दुर्बलता मोजायला यंत्र लागत नाही. रुग्ण जागा असला, सांगितलेलं त्याला कळत असलं की पुरे. खांदा उचला, कोपर दुमडा, मनगट वर करा, मांडी पोटाकडे घ्या, गुडघा सरळ करा, पाऊल वर ओढा. डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा, प्रत्येक हालचालीला शून्य ते पाच गुण. एकूण ६०. बेरीज ४८ च्या खाली आली तर आयसीयूत जडलेली दुर्बलता आहे असं समजतात. जागा असला, या अटीशी आपल्याला पुन्हा यायचं आहे.

आजाऱ्याने पडून राहावं ही समजूत फार जुनी आणि सगळीकडची. ती मोडायला सुरुवात झाली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, खाटा आणि माणसं दोन्ही अपुरी पडली तेव्हा. शस्त्रक्रियेनंतर लवकर उठवलेले रुग्ण लवकर बरे होतात असं शल्यचिकित्सकांच्या ध्यानात आलं. डिसेंबर १९४७ मध्ये लंडनच्या डॉ. रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पलंगाचे धोके एकेक करून मांडले: फुप्फुसाच्या तळाशी साचणारा कफ, पोटरीत गोठणारं रक्त, पाठीला पडणारी जखम, हाडांतून निघून जाणारं कॅल्शियम, खचणारं मन. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्यांना खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं लिहिलं. त्या काळी अशा रुग्णाला महिनाभर आणि त्याहून अधिक काळ पलंगावरून हलू देत नसत. आज बायपासच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसलेला रुग्ण पाहून कुणाला आश्चर्य वाटत नाही. मग हा बदल आयसीयूत यायला एवढा उशीर का झाला?

त्याच १९५२ सालाकडे जरा नीट पाहायला हवं. त्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात रोज नवी मुलं येत, त्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत आणि बहुतेक दगावत. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ऑगस्टमध्ये बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करून नळी घातली आणि रबराच्या पिशवीने हाताने श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्‌महिने अशा रुग्णांच्या पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं, पुढे आणखी घसरलं. अशा रुग्णांना एका जागी ठेवून चोवीस तास पाहायचं, या कल्पनेतून पुढच्या वर्षी आधुनिक अतिदक्षता विभाग जन्माला आला. या कहाणीतली एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. ते पोलिओचे रुग्ण जागे होते. नळी गळ्यात होती आणि शुद्ध पूर्ण होती; विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवत, त्यांच्याशी खेळत.

मुंबईतही तेव्हा पोलिओ होता. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल या बाईंनी तिच्या उपचारांसाठी धडपड केली आणि १९४७ मध्ये अशा मुलांसाठी मुंबईत लहानसं उपचार केंद्र काढलं. हाजी अलीचं मुलांचं रुग्णालय आणि अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था त्यातून वाढली. मग १९५३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात, महापालिका, सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने, फिजिओथेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू झालं. त्याच्या पहिल्या कामात पोलिओने लुळी पडलेली मुलं मोठ्या संख्येने होती.

मला यात विलक्षण काहीतरी दिसतं. श्वास चालू ठेवणारी शाखा आणि हातपाय चालू करणारी शाखा, दोन्हींची वाढ एकाच आजाराच्या धगीत आणि एक-दोन वर्षांच्या अंतराने झाली. पुढे त्या वेगळ्या मजल्यांवर गेल्या. आयसीयूत यंत्रं आली. फिजिओथेरपी विभाग तळमजल्यावर राहिला, गुडघे आणि कंबरा बघत. आयसीयूत फिजिओ यायचे ते छाती थोपटून कफ काढायला. चालवणं वगैरे ‘वॉर्डात गेल्यावर’.

मधल्या काळात आणखी एक घडलं. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी वैद्यकीय लेखांत व्हेंटिलेटर जोडलेल्या रुग्णाला चालवण्याची वर्णनं सापडतात. पुढे व्हेंटिलेटर अधिक गुंतागुंतीचे झाले, गुंगीची औषधं सिरिंज पंपातून अखंड देता येऊ लागली, आणि रुग्ण खोल झोपेत ठेवणं हीच रीत झाली. हेतू दयाळू होता. घशात नळी असलेल्या माणसाला काही कळू नये, त्रास होऊ नये, नळी ओढून काढू नये. डेन्व्हरचे श्वसनतज्ज्ञ टॉमस पेटी यांनी १९९८ मध्ये कळवळून लिहिलं, की पूर्वी ज्या खोलीत रुग्ण जागे असत, खुर्चीत बसत, तिथे आता निश्चल देह दिसतात. दोन वर्षांनी शिकागो विद्यापीठातल्या डॉ. जॉन क्रेस यांच्या चमूने १२८ रुग्णांवर एक सोपी गोष्ट करून पाहिली. रोज एकदा गुंगीचं औषध थांबवायचं आणि रुग्णाला जागं होऊ द्यायचं. ज्यांच्यात हे केलं त्यांचा व्हेंटिलेटर मध्यकाने ४.९ दिवसांत सुटला, बाकीच्यांना ७.३ दिवस लागले. जागा झालेला रुग्ण आता हात उचलू शकत होता, मान हलवून होय-नाही सांगू शकत होता. उठवण्याचं दार या अभ्यासाने उघडलं.

त्या दारातून सर्वांत आधी ठामपणे गेल्या त्या पॉली बेली, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या परिचारिका. बरे होऊन गेलेले रुग्ण महिनोन्‌महिने कसे खंगलेले राहतात हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या विभागाने १०३ रुग्णांच्या १,४४९ हालचालींची नोंद २००७ मध्ये प्रसिद्ध केली. पलंगाच्या कडेला बसणं, खुर्चीत बसणं, चालणं, यांतली बरीचशी नळी तोंडात असताना. पडणं, रक्तदाब ढासळणं, ऑक्सिजन उतरणं असे त्रासदायक प्रसंग एक टक्क्याहूनही कमी होते. मग २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये डॉ. विल्यम श्वाइकर्ट आणि सहकाऱ्यांची चाचणी आली: १०४ रुग्ण, दोन गट. एका गटाला नळी घातल्यापासून साधारण दीड दिवसात हालचाल सुरू, दुसऱ्याला रूढ पद्धतीप्रमाणे आठवडाभराने. रुग्णालयातून घरी जाताना स्वतःच्या हाताने जेवणं, कपडे घालणं, आंघोळ, शौच आणि चालणं अशा गोष्टी स्वतः करू शकणारे पहिल्या गटात ५९ टक्के होते, दुसऱ्यात ३५ टक्के. भ्रमाचे दिवसही निम्म्यावर आले.

हे प्रत्यक्षात कसं करतात, ते सविस्तर सांगायला हवं. ‘व्हेंटिलेटरच्या रुग्णाला चालवतात’ हे ऐकून घरच्यांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते भीतीचं असतं.

सकाळच्या राउंडला आधी ठरतं की आज याला हलवायचं का. ऑस्ट्रेलियातल्या कॅरल हॉजसन आणि जगभरच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये यासाठी सिग्नलच्या तीन रंगांची पद्धत आखली. घशातली नळी हा हिरवा रंग आहे, ती आडकाठी नाही. ऑक्सिजन ६० टक्क्यांपर्यंत लागतोय, बोटावरचा आकडा ९० च्या वर आहे, श्वास मिनिटाला तीसच्या आत आहे, म्हणजे पुढे जायला हरकत नाही. रक्तदाब टिकवायचं औषध मध्यम मात्रेत चालू असेल तर पिवळा, म्हणजे विचार करून. फार मोठ्या मात्रेत चालू असेल तर पलंगाबाहेर नाही. मणका अस्थिर असेल, मेंदूतला दाब वाढलेला असेल, कुठे रक्तस्राव चालू असेल तर लाल.

मग गुंगीचं औषध कमी करून रुग्णाला जागं करतात. चष्मा लावतात, कानाचं यंत्र लावतात, नावाने हाक मारतात. फिजिओ पावलापासून सुरुवात करतात: पाऊल वर, खाली, गुडघा दाबा, माझा हात ढकला. पलंगाचं डोकं वर उचलून पाच-दहा मिनिटं थांबतात, कारण दिवसचे दिवस आडव्या राहिलेल्या शरीराचं रक्ताचं आकारमान घटलेलं असतं आणि पटकन बसवलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यानंतर कडेला बसवणं. एक जण पाठीला, एक जण समोरून गुडघ्यांना टेकू देऊन, आणि एक जण फक्त नळ्या सांभाळायला. व्हेंटिलेटरची नळी, मानेतली लाइन, लघवीची पिशवी, छातीतला निचरा, प्रत्येकाची लांबी आधी मोजून मोकळी करून ठेवलेली असते. मॉनिटर सगळ्यांना दिसेल असा वळवलेला असतो. पाय जमिनीला टेकतात. पहिल्या दिवशी मान सरळ धरणं हेच काम असतं, आणि दोन मिनिटांत रुग्ण घामाने भिजतो. झोपवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

या प्रगतीची दहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे नुसतं पडून. तीन म्हणजे कडेला बसणं, चार उभं राहणं, सहा म्हणजे उभ्या जागी पावलं उचलणं, सात म्हणजे दोघांच्या आधाराने चालणं, दहा म्हणजे आधाराशिवाय. रुग्णाच्या कागदावर ‘फिजिओ झाली’ एवढंच लिहिण्यापेक्षा ‘आज तीन, काल एक’ असं लिहिलं तर प्रगती सगळ्यांना दिसते, घरच्यांनाही. हे लिहिण्याची सवय प्रत्येक आयसीयूत लागावी, असं मला मनापासून वाटतं.

इतकं सगळं ऐकून जितकं जास्त तितकं चांगलं असं वाटेल. तसं नाही, आणि ज्यांना ही पद्धत प्रिय आहे त्यांनीच हे आधी सांगायला हवं. पक्षाघाताच्या २,१०४ रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पहिल्या चोवीस तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्यांपैकी तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत ४६ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीने काळजी घेतलेल्यांपैकी ५० टक्के. मग २०२२ मध्ये सहा देशांतल्या ४९ रुग्णालयांची ‘टीम’ नावाची चाचणी आली. व्हेंटिलेटरवरचे ७५० रुग्ण. एका गटाला रोज सरासरी २१ मिनिटं सक्रिय हालचाल, दुसऱ्याला ९ मिनिटं. सहा महिन्यांत जिवंत आणि रुग्णालयाबाहेर राहिलेले दिवस दोन्हीकडे जवळजवळ सारखे, १४३ आणि १४५. हृदयाची लय बिघडणं, रक्तदाब ढासळणं असे प्रसंग जास्त हालचालीच्या गटात ९.२ टक्के आणि दुसऱ्यात ४.१ टक्के. हे आकडे आल्यावर काहींनी सुटकेचा श्वास सोडला, की चला, झोपवून ठेवलं तरी चालतं. हा अर्थ चुकीचा आहे. ‘टीम’मधल्या दुसऱ्या गटालाही रोज उठवलं जात होतं, फरक मात्रेचा होता. श्वाइकर्ट यांच्या चाचणीत फरक सुरुवातीच्या दिवसाचा होता. २०२३ मध्ये शिकागोच्याच डॉ. भक्ती पटेल यांच्या चमूने २०० रुग्णांचा वर्षभराचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, तेव्हाही प्रश्न सुरुवातीच्या दिवसाचाच होता. पहिल्या-दुसऱ्या दिवशी हालचाल सुरू झालेल्यांपैकी २४ टक्क्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती वर्षाने मंदावलेली होती. उशिरा सुरू झालेल्यांपैकी ४३ टक्क्यांची. माझ्या मते दोन्ही बाजूंचे अभ्यास मिळून सांगतात ते असं: लवकर सुरू करा, रुग्णाला झेपेल तेवढंच करा, पळवू नका. पॅरासिटामॉलची जशी मात्रा असते तशी उठवण्याचीही असते.

हालचालीचा संबंध मेंदूशी कसा, हे घरच्यांनी समजून घेण्यासारखं आहे. आयसीयूतला रुग्ण भलतंसलतं बोलू लागतो, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतो, सिस्टर मला मारायला येते म्हणतो. घरचे हादरतात. या भ्रमामागे जंतुसंसर्ग, गुंगीची औषधं, दिवस-रात्र न कळणारे दिवे आणि तुटलेली झोप, असं बरंच असतं. दिवसा जागं राहून बसणं, खिडकीबाहेरचा उजेड, ओळखीचा आवाज यांनी तो कमी होतो. औषधापेक्षा या गोष्टी खात्रीच्या आहेत. त्यामुळेच अमेरिकेतल्या अतिदक्षता संस्थेने २०१८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत वेदना, गुंगी, भ्रम, निश्चलता आणि झोप हे पाचही एका सूत्रात गुंफले. एक सैल पडला की बाकीचे सैल पडतात.

आपल्याकडे अडचणी खऱ्या आहेत. सरकारी रुग्णालयांत एका सिस्टरकडे कितीतरी खाटा. रात्रपाळीला फिजिओ नसतातच. रुग्ण उचलण्याच्या लिफ्टचा पट्टा, उंची बदलणारा पलंग, योग्य खुर्ची मोजक्या ठिकाणी. अतिदक्षता तज्ज्ञांची भारतीय संस्था १९९३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली आणि तज्ज्ञ घडवण्याचं मोठं काम तिने केलं आहे, पण जिल्ह्याच्या गावी आयसीयू चालतं ते बहुधा एका फिजिशियनच्या जिवावर. काही आजारांत तर हलवणंच घातक असतं. मुंबईत अतिदक्षता उपचारांचा पाया घालणाऱ्या डॉ. फारोख उडवाडिया यांनी धनुर्वाताच्या १५० रुग्णांचा अनुभव १९८७ मध्ये मांडला होता. अशा रुग्णाला स्पर्शाने, आवाजानेही आचके येतात. त्याचे स्नायू शिथिल करून त्याला शांत अंधारात ठेवण्यातच त्याचा जीव असतो. तिथे उठवण्याची वेळ आचके थांबल्यावर येते.

पण एक साधन आपल्याकडे भरपूर आहे आणि आपण ते दाराबाहेर बसवून ठेवतो. आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर रात्रंदिवस बसलेली मुलगी, भाऊ, सून. भेटीची वेळ सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, तीही पायाशी उभं राहून. हात धुवून, गाउन घालून, यांतल्या एकाला फिजिओबरोबर आत घेतलं तर दोन गोष्टी होतात. रुग्ण अनोळखी माणसाच्या सांगण्याने जेवढं बळ लावतो, त्याहून जास्त लेकीच्या ‘अप्पा, पाय उचला की’ या हाकेने लावतो. आणि घरी गेल्यावर जे करायचं ते तिच्या हाताला आधीच माहीत होतं. घरच्यांनी मनाने काही करू नये, हे मात्र पक्कं; नळीची जबाबदारी आतल्यांचीच.

घरी म्हणजे कुठे, हे विचारण्याची गरज इथे पडते. परदेशी चाचण्यांत आंघोळ म्हणजे शॉवर, शौच म्हणजे कमोड आणि जेवण म्हणजे टेबल. सांगलीकडच्या शेतकऱ्याला किंवा राजस्थानातल्या मजुराला भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून उठता आलं नाही, तर त्याच्यासाठी तो बरा झालेला नाही. जमिनीवरून हात न टेकता उठणं, उंबरा ओलांडणं, चाळीचा जिना, बादली उचलणं. सेठींनी कृत्रिम पायासाठी जी यादी केली, तशीच यादी आयसीयूतून निघणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर हवी. उकिडवं बसण्याला मांडीचा पुढचा स्नायू लागतो, आणि नेमका तोच वेगाने झडतो.

भरून यायला किती दिवस लागतात, याचं उत्तर टोरंटोच्या डॉ. मार्गारेट हेरिज यांनी फुप्फुसांच्या गंभीर आजारातून वाचलेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दिलं. त्यांचे रुग्ण तरुण होते, सरासरी चाळिशीतले. वर्षाने जेमतेम निम्मे कामावर परतले होते. पाच वर्षांनी फुप्फुसं जवळजवळ पूर्ववत झाली होती, तरी सहा मिनिटांत ते चालत होते ते अंतर अपेक्षेच्या तीन चतुर्थांशच होतं. चिंता, उदासी, विसरभोळेपणा यांनी त्यांच्या घरच्यांनाही घेरलं होतं. कोविडच्या दोन लाटांनंतर आपल्या कितीतरी घरांत हे पाहिलं गेलं. बाप वाचला पण पूर्वीसारखा राहिला नाही, असं लोक सांगत राहिले, आणि त्याला नाव आहे, उपाय आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

आयसीयूच्या दाराशी डॉक्टर भेटतात तेव्हा आपण विचारतो, ‘धोका आहे का?’ विचारायलाच हवं. त्याच्या पाठोपाठ आणखी विचारता येतं: आज गुंगीचं औषध थांबवलं होतं का, जागे होते का, काही ओळखलं का. कडेला बसवलं का. नसेल तर कशामुळे आणि कधी बसवता येईल. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आत देऊ का. आणि सुट्टी होताना औषधांच्या यादीबरोबर व्यायामाची यादीही लिहून मागायची, पुढचे तीन महिने आठवड्यातून किती वेळा फिजिओ लागतील हे विचारायचं, वजन, पकड आणि खुर्चीतून किती वेळा उठता येतं हे एका वहीत टिपायचं, आणि महिन्याने तपासणीला जाताना ती वही बरोबर न्यायची.